गर्भिणी, मशेरी आणि विजया

गागोदे बुद्रुकच्या परिसरात गर्भिणीस ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा नकारार्थी येते. ‘मशेरी लावता का?’ असे विचारले की मान होकारार्थी हलते. तिच्या लेखी ते दंतमंजनच. परंतु निकोटिन हिरड्यांतूनही शोषले जाते व अपरेकडील रक्तवाहिन्या आकुंचित करते. मुंबईतील १२१७ स्त्रियांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या अपत्यांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

विजयेचा विषय तर आपल्याच घरचा. शार्ङ्गधरांनी भांगेस व्यवायी म्हटले आहे. तिचा मादक अंश मेदात साठतो, अपरा ओलांडतो, स्तन्यातही उतरतो. कॅलिफोर्नियातील ३० लाखांहून अधिक गर्भिणींच्या नोंदींवरील २०२४ च्या अभ्यासात गांजा-भांग व तंबाखू या दोहोंचे सेवन नोंदलेल्या स्त्रियांत अल्पभार बालके व बालमृत्यू यांचे प्रमाण एकच द्रव्य घेणाऱ्यांपेक्षा अधिक होते.

आता आपल्या औषधपेटीकडे पाहावे. जातिफलादि चूर्णात विजया असते. मशेरी लावणाऱ्या गर्भिणीस अतिसारासाठी ते दिले, तर हा संयोग वैद्याच्याच हातून घडतो! (कल्पाचा घटकपाठ आपण कितीदा वाचतो?) तेथे विजयाविरहित कल्पच योजावा. मशेरीविषयीचा प्रश्न पहिल्याच भेटीत, सासू व पती समोर नसताना विचारावा. ‘मशेरीवाचून शौचास होत नाही’ असे ती म्हणाल्यास रात्री कोमट दूध व भिजवलेल्या मनुका सुचवाव्यात.