पुढचा चेंडू आधीच कळला तर?

खामगाव, चिखली, मेहकरकडे टेनिस बॉलचा सामना रंगात आला की एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘बॉलरच्या हाताकडे बघ!’ येणारा चेंडू आधी कळला की फटका सोपा, हे सगळ्यांनी धरूनच चाललेले असते. ते कितपत खरे?

सर्वांत गाजलेले उदाहरण बेसबॉलमधले आहे. चेंडू फेकणारा पिचर आणि समोर बसलेला कॅचर खुणांनी पुढचा चेंडू ठरवतात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाने घरच्या मैदानावर कॅमेऱ्यातून या खुणा चोरल्या. संथ किंवा वळणारा चेंडू येणार असेल तर कचऱ्याचा डबा बडवला जायचा. डबा शांत म्हणजे वेगवान चेंडू. संघ त्या वर्षी विजेता ठरला. बिंग फुटल्यावर २०२० मध्ये ५० लाख डॉलरचा दंड झाला.

गंमत पुढेच आहे. त्या हंगामात ८१ सामने घरी, ८१ बाहेर झाले. डबा वाजायचा तिथे ४८ विजय, नव्हता तिथे ५३!

म्हणजे माहितीचा उपयोगच नाही? तसेही नाही. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू १८.४४ मीटरवरून साधारण ०.४ सेकंदात येतो. वेग आधी कळला तर बॅट कधी फिरवायची हे ठरते. चेंडू नेमका कुठे पडेल, हे मात्र डबा सांगत नाही. शिवाय खूण चुकली की पंचाईत : संथ चेंडूसाठी थांबलेल्या फलंदाजाची बॅट वेगवान चेंडूला उशिराच येणार.

आपल्याकडचा किस्सा १९९९ च्या मोहाली कसोटीतला, खुद्द सचिन तेंडुलकरने सांगितलेला. न्यूझीलंडचा ख्रिस केर्न्स रिव्हर्स स्विंग करताना चेंडू झाकून धावत यायचा. सचिनने दुसऱ्या टोकाच्या राहुल द्रविडला सांगितले : चकाकी कुठल्या बाजूला आहे ते बघ आणि त्याप्रमाणे बॅट डाव्या किंवा उजव्या हातात धर. नक्की कळले नाही, तर दोन्ही हातांत. ही तिसरी खूण सर्वांत शहाणपणाची. खात्री नसेल तर तसे सांगायची सोय तिने ठेवली. पहिल्या डावात ८३ धावांत गारद झालेल्या भारताने दुसऱ्या डावात पाचशेचा टप्पा ओलांडला. द्रविड १४४, सचिन नाबाद १२६.

यात नियमभंग नव्हता. बेसबॉलमध्येही दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूने नुसत्या डोळ्यांनी खूण ओळखली तर चालते. कॅमेरा चालत नाही. २०२२ पासून तिथे कॅचर बटण दाबतो आणि पिचरला टोपीत सूचना ऐकू येते. गावाकडच्या बॉलरला मात्र चेंडू अजून तळहातातच लपवावा लागतो.