कुलगुरू नकोत, खिडकीवरचा माणूस बोलवा

महाराष्ट्रात इंजिनीअरिंगच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्या २०२५ मध्ये तीनच्या चार झाल्या, ही बातमी घरोघरी पोचली. तिच्या पोटातली अट मात्र फारशी कुणाच्या कानावर नाही. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावं लागतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहा पसंतींपैकी काहीही मिळालं तरी तेच. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांना मुकायचं. ‘वर एखादं टाकून ठेवू, बघू’ असं म्हणत भरलेला पसंतिक्रम अंगाशी येतो तो इथेच. हे सगळं माहितीपत्रकात छापलेलं आहे, पण ते शेवटपर्यंत वाचतं कोण?

मग पॉडकास्ट काढा, असा सल्ला दिला जातो आणि दाखला येलचा असतो. येल विद्यापीठाच्या प्रवेश विभागातले हॅना मेंडलोविट्झ आणि मार्क डन २०२० पासून आपल्या कचेरीतलं कामकाज श्रोत्यांना उलगडून सांगताहेत. अर्ज कोण वाचतं, समितीत चर्चा कशी होते, निबंधात मुलं कुठे घसरतात, असा सगळा मामला. तिथे निवड माणसं करतात, त्यामुळे त्या माणसांचं बोलणं ऐकण्यात अर्थ आहे. आपल्याकडे गुणवत्ता यादी आणि संगणक निवड करतात. ‘तुमचं स्वप्न आम्हाला सांगा’ छापाच्या गप्पा इथे काय कामाच्या?

आपलं घोडं पेंड खातं ते कागदपत्रांत. लखनौच्या अलीगंजमधलं एखादं मराठी कुटुंब घ्या. वडील तिथल्या केंद्रीय भवनात नोकरीला, मुलीची दहावी-बारावी लखनौत झालेली, तिला इंजिनीअरिंगला यायचंय महाराष्ट्रात. शाळा बाहेरची, म्हणून आपण ‘ऑल इंडिया’ कोट्यात, असं घरातले धरून चालतात. वास्तविक आई किंवा वडिलांकडे महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असेल, तर ती ‘टाइप बी’ या उमेदवारी प्रकाराखाली राज्याची उमेदवार ठरू शकते. ‘टाइप सी’ केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहे, पण त्यात पालकांची नेमणूक महाराष्ट्रात असावी लागते, लखनौतली चालत नाही. नियमाच्या भाषेत हे दोन ओळींत उरकलेलं असतं. समजावून सांगायला मात्र दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं ध्वनिफितीला छान शोभतात.

हीच गरज खुद्द लखनौतल्या मुलांनाही आहे. अलीगंजच्या एका अंगाला लखनौ विद्यापीठाचा जुना परिसर आहे, दुसऱ्या अंगाला सीतापूर रोडवर जानकीपुरमचा नवा. सीतापूर, हरदोई, लखीमपूर खीरी आणि रायबरेलीतली कॉलेजंही याच विद्यापीठाखाली येतात. तिथल्या मुलांना प्रवेशाआधी ‘एलयूआरएन’ हा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. लखीमपूरच्या मुलाला तो का घ्यायचा, तो घेतला म्हणजे प्रवेश झाला असं का नाही, हे अवधी वळणाच्या हिंदीत कुणी सांगितलं, तर त्याची लखनौची एक खेप नक्की वाचेल. कानावाटे शिकवणं आपल्याला नवं नाही. इग्नूची ‘ज्ञानवाणी’ ही नभोवाणी २००१ मध्ये अलाहाबादेतून सुरू झाली, पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ २००५ पासून आहे.

धोका आहे तो तारखांचा. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्राचं अकरावी प्रवेशाचं राज्यव्यापी संकेतस्थळ २१ तारखेला पहिल्याच दिवशी कोलमडलं आणि नोंदणी २६ तारखेवर गेली. सूचना संकेतस्थळावर बदलता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे गेलेली ध्वनिफीत मात्र जुनीच तारीख सांगत फिरत राहते. म्हणून तारखा, शुल्क आणि जागांचे आकडे पॉडकास्टमध्ये नकोतच. ते लेखीच असावेत. नियम तसा का आहे आणि लोक त्यात कुठे चुकतात, एवढंच बोलावं.

आणि ते बोलावं कुणी? माइकसमोर कुलगुरूंना बसवलं की परंपरा, गुणवत्ता आणि प्लेसमेंट यांतच वेळ संपतो. त्याऐवजी कागदपत्र पडताळणीच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला बोलवा. ठरलेल्या तारखेपर्यंत वैध नसलेलं नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र, दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं आडनाव, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. दर सोमवारी त्याने मागच्या आठवड्यात कोणते अर्ज परत गेले आणि का, एवढं सांगावं, कुणाचंही नाव न घेता. नियम बदलला की तो भाग काढून टाकावा आणि काढल्याचं पुढच्या भागात पहिल्या वाक्यात सांगावं. एवढी शिस्त पाळायची नसेल, तर पॉडकास्टचा खर्च वाचवून मदतकेंद्रावरचा फोन उचलायला आणखी एक माणूस नेमलेला बरा.