नागीण सुकली, दुखणं राहिलं

नागीण उठली की घरात पहिली चौकशी होते ती तिच्या तोंडाची आणि शेपटीची. दोन्ही टोकं जुळून कमरेभोवती वेढा पूर्ण झाला तर माणूस वाचत नाही, ही समजूत आपल्याकडे खूप जुनी. मग गेरूचा लेप लागतो, दूर्वा-तांदूळ वाटून थापले जातात, कुणी उतरवून देणाऱ्याकडे जातं, वारली पाड्यांवर भगताला बोलावणं धाडलं जातं. दोन ते चार आठवड्यांत फोड सुकतात, खपल्या पडतात, वेढा काही पूर्ण होत नाही आणि गुण आला म्हणून नारळ फुटतो. फोड तसेही सुकणारच होते. खरा घोर पुढे आहे, आणि त्याची चौकशी कुणीच करत नाही.

आधी त्या वेढ्याचं बघू. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत संवेदना वाहून नेणाऱ्या नसांच्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षं पडून राहतो. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती ढासळली की तो एखाद्या नसेत जागा होतो आणि तिच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. नसांची ही जोडी डावी-उजवी वेगवेगळी असते. म्हणून फोडांचा पट्टा कण्यापासून निघून बरगड्यांखालून पोटाच्या मध्यरेषेपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. टोकं जुळत नाहीत ती याच कारणाने. हेन्री हेड आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी 1900 साली नागिणीच्या रुग्णांचे असेच पट्टे बघून कोणती नस कातडीचा कोणता भाग सांभाळते याचा नकाशा मांडला होता.

आता दुखण्याचं. विषाणू नसेतून येताना तिला सुजवतो, तिचे तंतू जाळतो. कातडी भरून येते. नस तेवढ्या सहज भरत नाही. जखमी तंतू कारण नसताना वेदनेचे इशारे पाठवत राहतात, आणि ते सतत येत राहिल्याने मज्जारज्जूतल्या पेशीही हळव्या होतात. मग साधा स्पर्शसुद्धा वेदना म्हणून पोचू लागतो. असा माणूस सदरा अंगापासून चिमटीत धरून बसतो, पंख्याचा वारा लागला तरी कळवळतो, पांघरूण झटकून टाकतो. कधी आग, कधी विजेचा झटका, कधी मुंग्या, आणि त्याच जागी बधिरपणाही. कातडीवर फिकट डागांपलीकडे काही दिसत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं, म्हातारा उगाच कण्हतोय. माझ्या मते या आजारातला सगळ्यात मोठा अन्याय हाच.

फोड उठल्यापासून तीन महिने उलटूनही वेदना राहिली, तर डॉक्टर तिला नागिणीनंतरची मज्जावेदना म्हणतात. ती सगळ्यांना होत नाही. सर्वांत मोठा धोका वयाचा. तिशीतल्या माणसाला सहसा काही उरत नाही. पन्नाशीनंतर भीती वाढू लागते आणि सत्तरीत बरीच वाढते. फोड येण्याआधीच त्या जागी ठणका असेल, पुरळ दाट असेल, सुरुवातीचीच वेदना झोप उडवणारी असेल, तर नसेला इजा जास्त झाली आहे असं समजावं. नागीण कपाळावर, डोळ्याभोवती उठली असेल तर वेदनेचा धोका आहेच, शिवाय नजरेचाही. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. मधुमेह, एचआयव्ही, कर्करोगाचे उपचार, स्टिरॉइडच्या गोळ्या हेही या यादीत येतात. वाढलेली साखर नसांना आधीच पोखरत असते, हे मधुमेहींनी विसरू नये.

वासोण्यासारख्या गावातला माणूस असो की सेलवासच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, त्याचे पहिले तीन दिवस गेरू वाळण्याची वाट पाहण्यात जातात. नेमके तेच मोलाचे असतात. असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर या विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्या तर फोड लवकर आटोक्यात येतात, तीव्र वेदनेचे दिवस कमी होतात. पुढची मज्जावेदना त्या हमखास टाळतात असं मात्र नाही. अभ्यासांनी तशी ग्वाही दिलेली नाही. तरी वेळ दवडण्याचं ते कारण होऊ शकत नाही. भगताला बोलवायचं तर बोलवा, पण गोळी आधी सुरू करा.

वेदना मागे राहिलीच तर नेहमीच्या अंगदुखीच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. इथे गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी नसांवर चालणारी औषधं कमी मात्रेपासून सुरू करून वाढवत नेतात. लिडोकेनची पट्टी किंवा मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलमही वापरतात. या गोळ्यांनी गुंगी येते, म्हाताऱ्यांचा तोल जातो, म्हणून दुकानातून परस्पर आणू नयेत. आराम पडायला काही आठवडे लागतात, आणि बरेच जण दुसऱ्याच आठवड्यात गोळी सोडून देतात.

प्रतिबंधाची लसही आहे. 2023 पासून शिंग्रिक्स ही लस भारतात पन्नाशीपुढच्यांसाठी मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. ती नागिणीलाच अडवते, म्हणून मागची वेदनाही टळते. किंमत मात्र हजारांत आहे आणि सरकारी लसीकरणात तिला जागा नाही, त्यामुळे पाड्यावरच्या आजीपर्यंत ती पोचत नाही. सेलवासला विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे, वैद्यकीय महाविद्यालयही आहे. घरात पन्नाशीपुढच्या कुणाच्या अंगाच्या एकाच बाजूला ठणका लागून पाण्याचे फोड उठले, तर त्याच दिवशी त्यांना तिथे घेऊन जा, आणि साखर तपासायला सांगा.