चित्र कोणाचे चांगले?

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलगाडीत बसले, म्हणजे शहाडच्या पुढे आंबिवली हे स्थानक लागते. जवळच मोहने गावापाशी उल्हास नदी वाहते. आंबिवलीच्या चाळींकडे आणि इमारतींकडे मान वर करून पाहिले, तर छपरांवर आणि गॅलऱ्यांच्या कठड्यांवर लहान लहान तबकड्या बसविलेल्या दिसतात. त्यांना कोणी डिश म्हणतात, कोणी छत्री म्हणतात. त्या सर्वांची तोंडे साधारणपणे आग्नेय दिशेकडे वळलेली असतात. जणू काही सारे गाव एकाच बाजूस कान देऊन काही ऐकत आहे!

अशाच एका चाळीत शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांत एकदा वाद माजला. एका घरी काका होते, दुसऱ्या घरी अण्णा. दोघांच्या घरी दूरचित्रवाणी संच होते. परंतु उपग्रहावरून कार्यक्रम पुरविणाऱ्या त्यांच्या सेवा मात्र निरनिराळ्या होत्या. अण्णा म्हणत, "आमच्या कंपनीचे चित्र कसे आरशासारखे स्वच्छ! तुमच्याकडे खेळाडूचा चेहरा ओळखू येत नाही, चेंडू तर दिसतच नाही." त्यावर काका म्हणत, "असेल. पण पाऊस आला की तुमचे चित्र सर्वांत आधी बंद पडते, त्याचे काय?" अखेर काका मनातून खचले. आपली सेवा टाकून द्यावी, भरलेल्या पैशांवर पाणी सोडावे आणि अण्णांच्या कंपनीची नवी डिश घ्यावी, असे त्यांनी ठरविले. तेव्हा त्यांची सातवीत शिकणारी पुतणी म्हणाली, "काका, थोडे थांबा. चित्रातला फरक कंपनीमुळेच पडतो, हे आपण पारखून कोठे पाहिले आहे?"

मुलांनो, या मुलीचा प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर शोधावयाचे, तर हे चित्र आपल्या घरी येते कसे, ते प्रथम समजून घेतले पाहिजे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी उंच मनोऱ्यावरून लहरी सोडल्या जात आणि घरांच्या छपरांवरील अँटेना त्या पकडत. मनोरा दूर असला, की लहरी क्षीण होत आणि पडद्यावर मुंग्या धावू लागत. कधी एका माणसाच्या जागी दोन अंधूक माणसे दिसत. लहरी जितक्या क्षीण, तितके चित्र अस्पष्ट, असा तो सरळ हिशेब होता. पुढे उपग्रहावरून थेट घरोघरी प्रक्षेपण करण्याची पद्धत आली. आपल्या देशात अशी पहिली सेवा २००३ साली सुरू झाली. २००४ मध्ये दूरदर्शननेही दरमहा शुल्क न घेणारी आपली सेवा सुरू केली. आज ती डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाते. त्यानंतर आणखी कंपन्या या क्षेत्रात उतरल्या आणि कोणाचे चित्र चांगले, हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला.

या सेवांचे उपग्रह विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवरील उपग्रहाची एक फेरी आणि पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी यांना सारखाच वेळ लागतो. त्यामुळे तो आपल्याला आकाशात एकाच ठिकाणी खिळल्यासारखा भासतो. म्हणून डिश एकदा नेमकी रोखून बसविली, की ती वारंवार फिरवावी लागत नाही. जीसॅट-२४ हा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ वरून येते, तो ९३.५ अंशांवर आहे. आंबिवलीहून पाहू गेल्यास पहिला उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंच आहे, तर दुसरा सुमारे ५८ अंश. एखादा उपग्रह १०८ अंश रेखांशावर असेल, तर तो येथून अवघ्या ४५ अंश उंचीवर आणि पूर्वेकडे अधिक झुकलेला असेल. जो उपग्रह खाली, त्याच्या वाटेत झाड किंवा इमारत येण्याचा संभव अधिक. शिवाय त्याच्या लहरींना पावसातून अधिक लांबचा तिरपा प्रवास करावा लागतो.

आता चित्राकडे वळू. पडद्यावरील चित्र असंख्य बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. साध्या चित्रात आडव्या ओळीत ७२० ठिपके आणि अशा ५७६ ओळी, म्हणजे एकूण ४,१४,७२० ठिपके असतात. ज्याला एचडी म्हणतात, त्या चित्रात १,९२० ठिपक्यांच्या १,०८० ओळी, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. ही संख्या साध्या चित्राच्या बरोबर पाचपट आहे. चार लाख ठिपक्यांचे चित्र मोठ्या पडद्यावर ताणले, तर ते विरळ विणीच्या कापडासारखे दिसणारच. त्यात कंपनीचा दोष तो काय?

प्रत्येक ठिपक्याचा रंग शून्य आणि एक या दोन अंकांच्या भाषेत सांगावा लागतो. एका ठिपक्यास असे २४ अंक लागतात असे धरले आणि सेकंदाला २५ चित्रे दाखवावयाची म्हटली, तर एचडी वाहिनीसाठी दर सेकंदास सुमारे १२४ कोटी अंक पाठवावे लागतील. उपग्रहाजवळ इतकी जागा नसते. म्हणून अभियंते एक युक्ती करतात. बातम्या सांगणारी निवेदिका बोलत असते, तेव्हा तिचे ओठ हलतात; पण मागची भिंत तशीच राहते. मग प्रत्येक वेळी साऱ्या भिंतीचे वर्णन पुन्हा कशास पाठवावे? जेवढे बदलले, तेवढेच पाठवावे. या युक्तीस संक्षेपण म्हणतात. तिच्यामुळे अंकांची संख्या शंभरपटीने किंवा त्याहूनही कमी करता येते.

परंतु संक्षेपणाला काही मूल्य द्यावे लागते. क्रिकेटच्या मैदानावरील हिरवळ, उसळणारा धबधबा, टाळ्या पिटणारी गर्दी यांत क्षणोक्षणी सारेच बदलत असते. अशा वेळी अंक अपुरे पडले, तर गवताचा सपाट हिरवा चिखल होतो आणि कडांभोवती चौकोन दिसू लागतात. समजा, उपग्रहावरील एका मार्गाने सेकंदाला चार कोटी अंक जाऊ शकतात. त्यातून दहा वाहिन्या पाठविल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला चाळीस लाख अंक येतील. त्याच मार्गात वीस वाहिन्या कोंबल्या, तर प्रत्येकीस वीस लाखच मिळतील. एका लोकलच्या डब्यात दुप्पट माणसे शिरल्यावर जे होते, तेच येथेही होते. म्हणून सेवासेवांत खरा फरक असू शकतो. कोणी एका वाहिनीस अधिक जागा देतो, कोणी कमी. कोणी संक्षेपणाची नवी, अधिक कुशल पद्धत वापरतो, कोणी जुनी.

पावसाची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. या सेवांच्या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. इतक्या आखूड लहरींना पावसाचे टपोरे थेंब शोषून घेतात व इतस्ततः विखुरतात. आषाढात कल्याणकडून काळे ढग चालून आले आणि धो धो पाऊस कोसळू लागला, की डिशपर्यंत पोहोचणाऱ्या लहरी क्षीण होतात. तरीही आता चित्र पूर्वीसारखे हळूहळू अंधूक होत नाही. अंक वाचता येत आहेत तोवर चित्र जसेच्या तसे स्वच्छ राहते. अंकांत थोड्या चुका होऊ लागल्या, की त्याचे चौकोनी तुकडे पडतात. आणि चुका फार झाल्या, की ते एकदम नाहीसे होते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. चित्र थांबणे आणि चित्र अस्पष्ट असणे, ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याचे मूळ बहुधा छपरावर, डिशपाशी असते. दुसऱ्याचे मूळ बहुधा तेथे नसते. जुन्या काळची मुंग्यांची आठवण मनात असल्यामुळे पुष्कळ माणसे या दोन गोष्टींची गल्लत करतात.

काका आणि अण्णा यांचेही तसेच झाले होते. पुतणीने एका रविवारी दोन्ही घरांची पाहणी केली, तेव्हा तिला तीन गोष्टी आढळल्या. पहिली ही, की अण्णा एचडी वाहिनी पाहत होते आणि काका तीच वाहिनी साध्या चित्रात पाहत होते. दुसरी ही, की अण्णांचा सेट टॉप बॉक्स संचाला एचडीएमआय तारेने जोडलेला होता. काकांकडे मात्र पिवळ्या, तांबड्या व पांढऱ्या टोकांची जुनी तार होती आणि त्या तारेतून एचडी चित्र जाऊच शकत नाही. तिसरी ही, की दोघांचे संचही निरनिराळे होते. वाद दोन कंपन्यांचा चालला होता. परंतु तुलना झाली होती ती वाहिनी, तार आणि संच या साऱ्यांची एकदम!

मग तिने एक युक्ती योजिली. काकांचा बॉक्सही एचडी चित्र देणारा होता; त्याचा तसा उपयोग कधी केला गेला नव्हता, इतकेच. तिने एक एचडीएमआय तार आणविली आणि काकांकडून ती एचडी वाहिनी एका महिन्यापुरती घेवविली. अण्णांचा बॉक्स आणून, त्यांच्या डिशची तार खिडकीतून आत घेऊन, तोही काकांच्याच संचाला जोडला. दोन्ही जोडण्यांसाठी संचावरील उजेडाची आणि रंगांची मांडणी सारखी केली. दोन्हीकडे तीच वाहिनी, तोच सामना, तीच वेळ. त्यानंतर तिने काका व अण्णा यांना पाठ फिरवून बसावयास सांगितले. ती चिठ्ठी उचली, चिठ्ठीत निघेल तो बॉक्स लावी आणि मग दोघांना पडदा पाहून सांगावयास लावी, की हे चित्र कोणाचे? असे दहा वेळा झाले. अण्णांची सहा उत्तरे बरोबर आली, काकांची पाच. नुसते नाणे उडवून छापा की काटा असे म्हटले असते, तरी साधारण तितकीच उत्तरे बरोबर आली असती!

अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग हसून म्हणाले, "पोरी, इतके दिवस मी कंपनीची बढाई मारीत होतो, पण बढाई खरी तारेची होती." नंतर डिश बसविणाऱ्या कारागिरास बोलावून अण्णांची डिश तपासली. वादळी वाऱ्याने तिचा एक बोल्ट सैल होऊन ती किंचित कलली होती. डिश थोडी जरी कलली, तरी आकाशातील तिचा नेम चुकतो. नेहमीच्या हवेत उरलेल्या लहरींवर काम भागत असे; पाऊस आला, की त्याही पुरत नसत. बोल्ट आवळून नेम नीट साधल्यावर दोघांची चित्रे फक्त अतिमुसळधार पावसातच थांबू लागली आणि पाऊस ओसरताच आपोआप परत येऊ लागली. काकांचा नव्या डिशचा खर्च वाचला, आणि मोठी गोष्ट म्हणजे दोन शेजाऱ्यांतील अबोलाही टळला.

याचा अर्थ सर्व सेवा नेहमी सारख्याच असतात, असा मात्र नव्हे. त्या दिवशी, त्या वाहिनीवर, त्या पडद्यावर फरक दिसला नाही, एवढेच त्या पारखीने सिद्ध झाले. उद्या एखादी कंपनी त्याच जागेत अधिक वाहिन्या घालील, दुसरी नवा उपग्रह घेईल. मग निकाल बदलू शकेल. म्हणून शहाणा परीक्षक आपल्या निकालाबरोबर दिवस, वाहिनी आणि साधने यांचीही नोंद करून ठेवतो.

मुलांनो, दोन वस्तूंची तुलना करताना ज्या एका गोष्टीची परीक्षा घ्यावयाची, तेवढीच बदलावी. बाकी सर्व गोष्टी सारख्या ठेवाव्यात. आणि शक्य असेल, तेव्हा कोणती वस्तू कोणाची हे आधी न जाणताच मत द्यावे. हा नियम दूरचित्रवाणीपुरता नाही. दोन खतांची पारख करणारा शेतकरी, दोन औषधांची परीक्षा घेणारा वैद्य आणि दोन मुलांचे भांडण ऐकणारे गुरुजी यांनाही तोच नियम पाळावा लागतो. डोळ्यांना दिसलेला फरक खरा असतो. परंतु त्याचे कारण आपल्याला वाटते तेच असते, असे नाही. ते शोधून काढल्यावाचून कोणासही चांगले अथवा वाईट ठरवू नये.