छापणारा कोण आणि प्रकाशक कोण? ‘ख्रिस्ती’ प्रिंट ऑन डिमांडचा विचार

आजचा विषय व्यवहाराचा आहे, पण त्याच्या तळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे. समजा, एका निवृत्त पाळकांकडे तीस वर्षांची प्रवचनं वह्यांत लिहून ठेवलेली आहेत. त्यांचं पुस्तक व्हावं असं त्यांना वाटतं, आणि अमेरिकेतली एखादी ख्रिस्ती कंपनी म्हणते की पॅकेज घ्या, आम्ही ते प्रकाशित करतो. इथे ‘प्रकाशित करतो’ म्हणजे नेमकं काय करतो, आणि ‘ख्रिस्ती’ या विशेषणाने त्यात कशाची भर पडते, हे आज आपण पाहू.

आधी तंत्र समजून घेऊ. जुन्या ऑफसेट छपाईत प्लेटा करणं आणि यंत्र लावणं यातच बराच खर्च होतो. म्हणून हजारभर प्रती एकदम काढल्या तरच त्या परवडतात, आणि न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे घरात पडून राहतात. डिजिटल छपाईने हे बदललं. पुस्तकाची फाइल संगणकात राहते, मागणी आली की एक प्रत छापून बांधून रवाना होते. अमेरिकेत इन्ग्रम या मोठ्या पुस्तक-वितरक कंपनीने १९९७ मध्ये टेनेसी राज्यात लायटनिंग सोर्स (सुरुवातीचं नाव लायटनिंग प्रिंट) सुरू करून या पद्धतीला बळ दिलं. एक प्रत काढायला जरा महाग पडते, पण साठा करावा लागत नाही. लेखकाच्या दृष्टीने ही खरोखर चांगली सोय आहे, यात वाद नाही.

या सोयीवर ख्रिस्ती लेखकांसाठी खास कंपन्या उभ्या राहिल्या. झूलॉन प्रेस २००० च्या सुमारास सुरू झाली आणि २००६ मध्ये सेलम या ख्रिस्ती रेडिओ-समूहाकडे गेली. २००९ मध्ये थॉमस नेल्सन या नामवंत बायबल-प्रकाशकाने वेस्टबो प्रेस काढली. तिची सेवा चालवण्याचं काम ऑथर सोल्यूशन्स या कंपनीकडे दिलं गेलं, आणि ही कंपनी काही फक्त ख्रिस्ती पुस्तकं काढणारी नव्हे. म्हणजे पाटी एकाची आणि काउंटरवर बसलेला दुसराच, असं होऊ शकतं. त्यात गैर काही नाही, पण ते आपल्याला माहीत हवं.

आता कांटकडे वळू. १७९७ मध्ये ‘पुस्तक म्हणजे काय?’ असा प्रश्न त्याने कायद्याच्या तत्त्वज्ञानात विचारला. त्याचं उत्तर आपल्या शब्दांत असं: पुस्तक म्हणजे लेखकाने लोकांशी केलेलं भाषण. स्वतःच्या नावाने बोलतो तो लेखक, आणि त्याच्या परवानगीने, त्याच्या नावाने ते लोकांपर्यंत पोचवतो तो प्रकाशक. छापणारा हा निव्वळ कारागीर. आता बघा, प्रकाशकाने एखादं पुस्तक घेतलं म्हणजे त्याने आपला पैसा आणि आपलं नाव त्यावर लावलं. बाकीची दहा हस्तलिखितं परत केली, म्हणून या एकाला वजन आलं. पण जिथे पैसे लेखकच भरतो, तिथे ‘नाही’ म्हणण्याचं कारण फारसं उरत नाही. नाव प्रकाशकाचं असलं, तरी काम कारागिराच्या जवळ जातं.

मग ‘ख्रिस्ती’ हे विशेषण कशाची हमी देतं? अशा कंपन्यांचे मजकुराचे नियम असतात. ख्रिस्ती नीतीला उघड विरोधी मजकूर त्या घेत नाहीत. ही गाळणी खरी आहे, पण ती अनिष्ट तेवढं अडवते. विचार खोल आहे का, संदर्भ बरोबर आहेत का, भाषा नीट आहे का, हे ती पाहत नाही. आपल्याकडचं जुनं उदाहरण घ्या. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं, ते धर्माधिकाऱ्यांचे परवाने घेऊन. परवाना देणारा आपल्या नावाने जबाबदारी घेत होता. आज अशा पुस्तकांच्या कॉपीराइटच्या पानावर बहुधा असतं की यातली मतं लेखकाची आहेत, ती कंपनीची असतीलच असं नाही. दर्शनी पाटी श्रद्धेची आणि आतल्या पानावर हात झटकलेले.

आता खिशाकडे येऊ. आकडे उदाहरणापुरते धरा. पुस्तकाची किंमत १५ डॉलर. दुकानदार-वितरक साखळीला ५५ टक्के सूट, म्हणजे ८.२५ गेले, उरले ६.७५. छपाईचे ४ वजा केले की २.७५. पॅकेज २,००० डॉलरचं असेल, तर नुसतं मुद्दल निघायला ७२८ प्रती खपायला हव्यात, तेही कंपनीने स्वतःचा वाटा घेतला नाही तर. ‘हजारो दुकानांत उपलब्ध’ या शब्दांचा अर्थही नीट घ्या. त्याचा अर्थ दुकानदार मागवू शकतो एवढाच. न खपलेली प्रत परत जात नसेल, तर तो कशाला मांडणीत ठेवेल? आयएसबीएन हाही गुणवत्तेचा दाखला नव्हे, तो ओळख-क्रमांक आहे. अमेरिकेत तो विकत मिळतो, भारतात सरकारी संस्था तो विनामूल्य देते.

सर्वांत नाजूक मुद्दा ‘पाचारणा’चा. देवाने मला लिहायला सांगितलं आहे, अशी एखाद्याची मनापासूनची श्रद्धा असते. आपण तिचा मानच राखू. पण ‘मला लिहायचं पाचारण आहे’ या विधानातून ‘मी हे पॅकेज घ्यावं’ हा निष्कर्ष निघत नाही. मध्ये एक पायरी गाळलेली आहे, आणि विक्रेता नेमका त्याच फटीत उभा राहतो. पैसे घालायला कचरलात तर श्रद्धा कमी, असं कोणी सुचवू लागला, तर तो तर्क नव्हे, दडपण आहे.

एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती वाङ्मय वाढलं, ते मिशनच्या छापखान्यांतून. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला निघालं. तिथे खर्चाचा मोठा भार मिशनवर होता. पुस्तकाचे पैसे वाचक देतो, संस्था देते, नाहीतर लेखक देतो. तिन्ही मार्ग प्रामाणिक असू शकतात. फक्त पैसे देणारा तोच गिऱ्हाईक, हे विसरू नये. इथे गिऱ्हाईक लेखक आहे, वाचक नव्हे.

म्हणून सही करण्याआधी काही गोष्टी विचारा. हक्क कोणाकडे राहतात? करार मोडायचा तर मुदत किती? मांडणीच्या आणि मुखपृष्ठाच्या फाइली आपल्याला मिळतात का? संपादन म्हणजे शुद्धलेखन की मजकुराची खरी तपासणी? हेच काम वेगळं करून घेतलं तर काय पडेल? इन्ग्रमस्पार्क किंवा अॅमेझॉनकडे लेखक थेट जाऊ शकतो. भारतात पोथी डॉट कॉम, नोशन प्रेस आहेत. गावातला छापखानाही आहे, आणि दोनशे प्रतींची प्रकाशनपूर्व नोंदणी करण्याची आपली जुनी पद्धतही आहे.

त्या पाळकांना आपण काय सांगू? पुस्तक जरूर काढा. मंडळीतल्या शंभर लोकांसाठी काढलेलं पुस्तक लहान नसतं. पण पहिला खर्च एका चांगल्या संपादकावर करा, जो तुम्हांला ‘हे पान काढा’ असं सांगू शकेल. ‘नाही’ म्हणणारं माणूस प्रकाशकाकडून मिळत नसेल, तर ते आपणच शोधून आणायला हवं.

आता प्रश्न घेऊ या.