पोटातल्या जिवाचा निर्णय कोणी घ्यायचा?

सिकलसेलच्या तपासणीत नवरा-बायको दोघेही ‘एएस’ निघाले आणि बायकोला दिवस गेलेले असले, तर पुढे काय करायचे? चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील आमच्या वस्त्यांना हा प्रश्न नवा नाही, पण त्यावर उघड बोलायची आपली तयारी अजून नाही. बाई नळावर बोलत नाही. नवरा खाणीत किंवा मिलमध्ये सोबत्यांजवळ बोलत नाही. सासू म्हणते, “आमच्या घराण्यात असले काही नाही.” मग कधीतरी विहारातला कार्यक्रम संपल्यावर, लोक पांगल्यावर, कोणी आमच्याजवळ येऊन हळूच विचारते, “पोट पाडले तर पंचशील मोडते काय?”

आम्ही दिवसा कारकुनी करतो आणि संध्याकाळी, रविवारी समाजाच्या कामाला फिरतो. आम्ही डॉक्टर नाही आणि भन्तेही नाही. परंतु हा प्रश्न जिच्या पोटात आहे तिला एकटे सोडून आपण सारे बाजूला उभे राहतो, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो. म्हणून आज या पानावर त्याची चर्चा करू.

हा आजार आला कुठून?

सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हातपाय, कंबर, छाती असह्य दुखू लागते. रक्त कमी होते, डोळे पिवळे पडतात, लहान मुलांना आजार चटकन लागतात. १९१० साली अमेरिकेतील डॉ. जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला. १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. विदर्भात तो पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात, आणि गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत अधिक आढळतो.

याला कोणी दैवाचा कोप म्हणते, कोणी मागच्या जन्मीचे पाप. दोन्ही खोटे आहे. आपला मुलूख जंगलाचा आणि मलेरियाचा. ज्याच्या रक्तात सिकलसेलचा एकच अंश आहे, त्याला जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. त्यामुळे हजारो वर्षांत अशी माणसे जास्त वाचली आणि त्यांची लेकरेही वाचली. ज्या अंशाने पूर्वजांना जगवले, तोच अंश दोन्ही बाजूंनी मिळाला की लेकराला छळतो. यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही.

चार चिठ्ठ्यांचा हिशेब

ज्याला एक अंश आहे तो ‘एएस’, म्हणजे वाहक. तो सहसा धडधाकट असतो, खाणीत उतरतो, धान रोवतो, तेंदूपत्ता तोडतो. दोन्ही अंश असलेला तो ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी होण्याची चारात एक.

इथे पुष्कळ घरांचा हिशेब चुकतो. “पहिले आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील,” असे लोक म्हणतात. तसे नाही. प्रत्येक खेपेला चारही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात टाकल्या जातात आणि एक नव्याने उचलली जाते. दुसरी चूक याहून मोठी. आजारी मूल झाले की सुनेला बोल लावतात. मूल रुग्ण झाले याचा अर्थच असा की, अर्धा वाटा बापाकडून आला आहे. सुनेला माहेरी धाडून वाहक मुलाचे दुसरे लग्न लावले आणि दुसरी मुलगीही वाहक निघाली, तर घर पुन्हा तिथेच येणार.

कायदा काय म्हणतो?

गर्भ राहिल्यावर साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन, किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भाभोवतीचे पाणी काढून, बाळाला सिकलसेल आहे की नाही हे तपासता येते. ही सोय तालुक्याच्या गावी नसते, बहुधा नागपूरसारख्या शहरात जावे लागते. रक्ताच्या अशा आनुवंशिक आजारांसाठी गर्भाची तपासणी करायला १९९४ चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा परवानगी देतो. मात्र ती नोंदणी झालेल्या केंद्रातच व्हावी लागते आणि मुलगा की मुलगी हे सांगणे गुन्हाच राहतो.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा. तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला आणि २०२१ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत ठराविक स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि बाळाला गंभीर व्यंग असण्याचा मोठा धोका असेल तर ती स्त्रीही त्यात येते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, दवाखान्यात कोणी मागितली तरी. तिचे नाव बाहेर फोडणे हा गुन्हा आहे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या हक्कात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही.

‘स्त्रीभ्रूणहत्या पाप आहे’ अशा भिंतीवरच्या घोषणा वाचून पुष्कळांना वाटते की गर्भपातच बेकायदा आहे. हे दोन कायदे वेगळे आहेत. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे म्हणजे मुलीच्या जातीलाच नको म्हणणे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. गडचिरोली जिल्ह्यात हा आकडा साडेनऊशेच्या वर होता, ही आपल्या जंगल मुलखाची मोठी शिकवण आहे. ती जपायचीच. पण तिचा धाक दाखवून अडचणीतल्या बाईला कायदेशीर दवाखान्यापासून दूर लोटायचे नाही. दूर लोटलेली बाई काडी घालणाऱ्याकडे किंवा कोणालाही न विचारता गोळ्या विकणाऱ्याकडे जाते आणि कधी कधी जिवाला मुकते.

पंचशीलाचा प्रश्न

आता मूळ प्रश्न. पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. बौद्ध परंपरेत गर्भालाही जीव मानले आहे, हे आम्ही लपवत नाही. गर्भ म्हणजे काहीच नाही असे म्हणून आमच्या बहिणींचे समाधानही होत नाही, कारण तिला माहीत असते की काहीतरी होते.

परंतु बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार कसा मांडला ते आठवा. बुद्धाची अहिंसा हा नियम नव्हे, ते तत्त्व आहे, असे ते सांगतात. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळीक देते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेब फरक करतात. हे त्यांनी गर्भपाताविषयी लिहिलेले नाही, आणि त्यांच्या तोंडी आम्ही ते घालणार नाही. पण विचार करायची रीत त्यात सापडते. मुलगी नको म्हणून पाडणे आणि लेकराच्या वाट्याला येणाऱ्या यातना पाहवणार नाहीत म्हणून रडत रडत निर्णय घेणे, या दोहोंना एकाच तराजूत घालता येत नाही.

बाईच्या इच्छेबद्दल मात्र बाबासाहेबांचे म्हणणे स्पष्ट होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला. तो पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला. मूल हवे की नको हे स्त्रीच्या इच्छेवर असावे, ही त्यामागची भूमिका होती. ठराव फेटाळला गेला. त्याआधी १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील खटल्यात बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून उभे राहिले होते. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवेला त्यांनी पाप-पुण्य विचारले नाही. तिला बाळंत व्हायला जागा दिली.

दोन घरे, एकच वस्ती

आमच्या ओळखीची दोन घरे आहेत. नावे सांगत नाही.

पहिल्या घरात थोरला मुलगा ‘एसएस’. थंडीच्या दिवसांत रात्र रात्र त्याचे पाय चोळत बसलेली आई. दुसऱ्या खेपेला चौथ्या महिन्यात तपासणी झाली, तेही बाळ ‘एसएस’ निघाले. तिने नवऱ्याशी बोलून गर्भपाताचा निर्णय घेतला. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या दिवशी ती कामाला गेली. वस्तीत कुजबुज झाली, “पोटचा जीव मारला.” कित्येक महिने तिने कोणाच्या बारशाला पाऊल ठेवले नाही.

दुसऱ्या घरातही तपासणीत ‘एसएस’ आले. त्या बाईने बाळ ठेवायचे ठरवले. ती मुलगी आज सातवीत आहे. रोजची गोळी घेते, पाण्याची बाटली जवळ बाळगते, वर्षातून एक-दोनदा दवाखान्यात भरती होते आणि वर्गात पहिल्या पाचांत असते. तिच्या आईला काय ऐकावे लागते? “माहीत असून जन्माला घातली.”

बंधू-भगिनींनो, दोन्ही टोमणे एकाच वस्तीतून येतात, पुष्कळदा एकाच तोंडातून. म्हणजे बाईने काहीही केले तरी दोषी तीच. आम्हांला हा खरा शीलभंग वाटतो. पंचशीलात खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे शील आहे, त्यात चहाडी आणि कठोर बोलणेही आले.

आमच्या मते ही दोन्ही घरे बरोबर आहेत. पहिलीने करुणेने निर्णय घेतला, दुसरीनेही करुणेनेच घेतला. एकीचे उत्तर दुसरीवर लादता येणार नाही. सिकलसेलचे लेकरू म्हणजे फुकट गेलेला जन्म नव्हे. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने दुखण्याचे झटके कमी होतात, लसी आणि वेळेवर उपचार यांनी आयुष्य वाढते. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. २०२३ साली इंग्लंड-अमेरिकेत जनुक बदलणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली, जरी तो आपल्या खिशाच्या फार पलीकडचा आहे. हे सारे समजल्यावर बाई जे ठरवेल ते तिचे.

ज्या बाईने गर्भपात केला तिला दुःख होते, आणि दुःख झाले म्हणजे निर्णय चुकला असे होत नाही. जपानमध्ये जन्माला न आलेल्या बाळांसाठी बौद्ध मंदिरांत प्रार्थना होते. आपल्याकडे नवा विधी काढायची गरज नाही. कोणी शेजारीण येऊन “बाई, जेवलीस का?” एवढे विचारील तरी पुष्कळ.

उशीर टाळा

बाराव्या आठवड्यातला निर्णय आणि बाविसाव्या आठवड्यातला निर्णय यांत फार अंतर आहे. शरीराला त्रास जास्त, मनाला जास्त, धावपळ आणि मजुरीचे नुकसानही जास्त. म्हणून खरे काम लग्नाआधीच सुरू होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी रक्त तपासणी होते, दोष दिसला तर पुढची खात्रीची तपासणी होते. सायप्रस या लहानशा देशात थॅलेसेमिया हा असाच रक्ताचा आजार फार होता. तेथील चर्चने लग्नापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. त्या कागदाने लग्न मोडत नाही, पण दोघांना आधी कळते आणि विचाराला वेळ मिळतो.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीवर आपला समाज लोटतो. तिथे आणि आपल्या सामूहिक विवाह मेळाव्यांत पुस्तकांच्या दुकानाशेजारी रक्त तपासणीचे एक टेबल का असू नये? परिचय पत्रकात शिक्षण, नोकरी, उंची लिहितो, तिथे तपासणी झाली की नाही हेही लिहावे. फक्त मुलीचे नको, मुलाचे आधी. आणि तपासणीत ‘एएस’ आले म्हणून मुलगी नाकारू नका. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्याशी झाले तर ‘एसएस’ बाळाची भीती नाही.

ज्यांच्या घरी दिवस गेले आहेत त्यांनी तिसरा महिना उलटायची वाट पाहू नये. आशाताईला किंवा नर्सबाईला सांगून दोघांचेही रक्त तपासून घ्यावे. नवऱ्याने तिच्यासोबत दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांचे म्हणणे स्वतःच्या कानाने ऐकावे. सासूने घराण्याची अब्रू बाजूला ठेवावी. मग ती बाई जे ठरवील, त्यानंतर तिच्या दारात कोणीही न्यायाधीश होऊन जाऊ नये. जायचेच असेल तर भाकरी-भाजी घेऊन जावे.

जयभीम.