फुकटचा सल्ला केवढ्याला पडतो?

आपल्याकडे दोन गोष्टी न मागता मिळतात : प्रकृतीविषयीचा सल्ला आणि पैशांविषयीचा सल्ला. दिवाळीत तर दोहोंना ऊत येतो. फराळाला आलेला पाहुणा चौथी चकली मोडता मोडता तेल किती वाईट ते सांगतो, आणि हात पुसून झाले की घरातल्या तरुण मुलाने पगाराचे काय करावे याकडे वळतो. या सल्ल्याचे कोणी पैसे मागत नाही, म्हणून तो फुकट आहे असे आपण धरून चालतो. पण सल्ला देणे फुकट असले तरी तो पाळणे फुकट नसते.

मी मराठीचा प्राध्यापक. अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५५ साली ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ लिहिली, तेव्हा भाषेच्या मास्तराने या अंगणात डोकावण्याला निदान जुना दाखला आहे! त्या शास्त्रातली एक कल्पना पाठ्यपुस्तकात ‘संधी खर्च’ अशा रुक्ष नावाने वावरते. तिला साध्या मराठीत ‘मुकणे’ म्हणावे. एखाद्या गोष्टीसाठी आपण रुपया किंवा तास दिला, की त्याच रुपयात किंवा त्याच तासात दुसरे जे साधले असते त्याला आपण मुकतो. ते मुकणे हीच त्या गोष्टीची खरी किंमत. म्हणून कोणी काही सुचवले, की मी विचारतो, “त्याच्याऐवजी काय?” यामुळे मी नातेवाइकांत फारसा लोकप्रिय नाही.

माझा पुतण्या एकतीस वर्षांचा आहे. घरी बायको, दोन वर्षांची मुलगी आणि निवृत्त आईवडील. गेल्या दिवाळीत दूरच्या नात्यातले एक मामा विम्याचे कागद घेऊन आले. वर्षाला ५०,००० रुपये, अशी २० वर्षे भरायची. मुदतीअखेर साधारण १८ लाख हाती. मध्येच बरेवाईट झाले तर १० लाखांचा विमा. “नुसता विमा घेतलास आणि तुला काही झाले नाही, तर हप्ते पाण्यात. यात पैसे परत!” मामा म्हणाले.

दहा लाख भरून अठरा लाख, हे ऐकायला गोड लागते. पण पहिला हप्ता वीस वर्षे अडकतो आणि शेवटचा एकच वर्ष. हे धरून मी हिशेब मांडला, तर व्याज दरसाल शेकडा सव्वापाचच्या आसपास आले. आता दुसरी बाजू पाहा. तिशीतल्या निरोगी, निर्व्यसनी नोकरदाराला एक कोटीचा निव्वळ विमा वर्षाला साधारण दहा ते पंधरा हजारांत मिळतो. बारा हजार धरा. उरलेले ३८,००० सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत टाकले, पंधरा वर्षांची मुदत पाचांनी वाढवून घेतली आणि एप्रिल २०२० मध्ये ठरलेला शेकडा ७.१ हा दर कायम धरला, तर वीस वर्षांनी सुमारे १७ लाख होतात. म्हणजे मामांच्या योजनेपेक्षा एक लाख कमी. हे मी लपवीत नाही. पण त्या एका लाखाच्या बदल्यात वीस वर्षे घरावर दहा लाखांऐवजी एक कोटीचे छत्र राहते. आणि ‘हप्ते पाण्यात’ म्हणाल, तर चोर आला नाही म्हणून कुलपाचे पैसे परत मागणारा गृहस्थ अजून माझ्या पाहण्यात नाही.

ही केवळ आकडेमोड नव्हे. चार वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातले एक सहकारी हृदयविकाराने गेले. वय चव्वेचाळीस, मुलगी दहावीत. अत्यंत नेमस्त माणूस. तीन पॉलिसी होत्या आणि एकही हप्ता कधी चुकला नव्हता. तिन्हींचे मिळून १३ लाख आले. घरावरचे कर्जच २१ लाख होते. वहिनींनी जागा विकली आणि मुलीला घेऊन त्या भावाकडे सांगलीला गेल्या. नेमाने बचत केलेल्या माणसाचे घर बुडावे, याचे मला अजून वाईट वाटते. त्यांनी भरलेले पैसे थोडे नव्हते. त्यांतून विमाच थोडा विकत घेतला गेला होता.

मामा लबाड आहेत असे मुळीच नाही. पण विक्रेत्याचे कमिशन हप्त्याच्या शेकडेवारीने ठरते, आणि अशा योजनांत पहिल्या वर्षी ते पुढच्या वर्षांपेक्षा बरेच जास्त असते. पन्नास हजारांवरची शेकडेवारी आणि बारा हजारांवरची शेकडेवारी यांतला फरक चांगल्या माणसाच्याही जिभेवर परिणाम करतो. मामांचा एक मुद्दा मात्र मला पटला. “ते ३८,००० याच्या हातात राहतील कशावरून?” ज्या घरात शिल्लक दिसताच कोणी ना कोणी उसने मागायला येतो, तिथे पैसा कुलपात अडकणे हाच एक लाभ आहे. पुतण्याने यावर तोड काढली : पगाराच्या दुसऱ्याच दिवशी बँकेने रक्कम परस्पर वळती करावी. निव्वळ विमा त्याने घेतला, तोही मामांकडूनच.

आता प्रकृतीकडे. आमची अक्का अठ्ठावन्न वर्षांची. पहाटे साडेचारला उठून डबे करते. सुनेने हौसेने दिलेल्या घड्याळात रोज दहा हजार पावले भरावी लागतात, म्हणून रात्री दहानंतर ती दिवाणखान्यात येरझारा घालीत असे. “डॉक्टरांनी सांगितलंय,” असे तिचे म्हणणे. डॉक्टरांनी ‘चाला’ एवढेच सांगितले होते, आकडा घड्याळाचा. या आकड्याचे मूळ १९६५ साली जपानात विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकात आहे. त्याचे नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावले मोजणारे यंत्र. उलट २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे सतरा हजार वृद्ध स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय बहात्तर होते. रोज २,७०० च्या आसपास पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. पण साडेसात हजारांच्या पुढे आणखी फरक दिसेना. पहिली चकली आणि चौथी चकली यांतला भेद पावलांनाही लागू आहे तर!

मिनिटाला शंभर पावले धरली, तर वरची अडीच हजार म्हणजे पंचवीस मिनिटे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या तरुणाने ती खुशाल चालावीत. अक्का ती झोपेतून काढीत होती. हा हिशेब तिला कागदावर मांडून दाखवला, तेव्हा तिने चष्मा लावून बेरीज तपासली आणि विचारले, “मग भाजी आणायला चालते ती पावलं धरलीस का?” ती मी धरली नव्हती. आता ती दहाला अंथरुणाला पाठ टेकते.